रुक्मिणी, रुखमा, रखुमाई : आपल्या मातीतलं नाव, त्याचा अर्थ आणि कागदावरची रूपं

(अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयात अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि बचत गटांच्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लेखन)

मंडळी,

कौंडण्यपूर आपल्याच तालुक्यात आहे. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव म्हणजे भीष्मक राजाचं कुंडिनपूर, रुक्मिणीचं माहेर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. आषाढीला तिच्या माहेरची पालखी इथून पायी पंढरपूरला जाते; ही परंपरा 1594 पासूनची सांगितली जाते. एवढं असूनही आज गावात फिरलं तर रुक्मिणी भेटते ती आजीच्या वयाची. नातींची नावं वेगळी आहेत. जे नाव आपल्या मातीनं देशाला दिलं, ते आपल्याच अंगणातून कमी होत चाललं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज या एका नावाबद्दल बोलायचं ठरवलं आहे : त्याचा अर्थ काय, ते तोंडात कसं कसं बदललं, आणि कागदावर ते कुठं बिघडतं.

मोबाईलवर या नावाचा अर्थ शोधला की ‘लक्ष्मी’, ‘कृष्णाची पत्नी’ अशी उत्तरं येतात. ती रुक्मिणीची ओळख झाली, नावाचा अर्थ नव्हे. संस्कृतात ‘रुच्’ हा धातू आहे : चमकणे, शोभणे, आवडणे. रुची, रुचिर, रुचकर हे शब्द त्याच घरातले. त्यापासून झाला ‘रुक्म’, म्हणजे जे चमकतं ते, सोनं. ऋग्वेदात मरुतांच्या छातीवर सोन्याचे दागिने झळकतात, त्यांनाही रुक्मच म्हटलं आहे. या रुक्माला ‘इन्’ प्रत्यय लागला की होतं ‘रुक्मिन्’, ज्याच्याजवळ सोनं आहे असा. त्याचंच ‘रुक्मी’ हे रूप तिच्या थोरल्या भावाचं नाव आहे, आणि स्त्रीलिंगी रूप रुक्मिणी. सोनं ल्यालेली, सोन्यानं झळकणारी. भागवतात तिच्या पाच भावांची नावं येतात : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. म्हणजे भीष्मकाच्या घरात सगळ्या लेकरांच्या नावात सोनं आहे, आणि नाव लक्षात राहिलं ते लेकीचं.

यातल्या ‘ण’कडे जरा नीट पाहा, कारण पुढं कागदांची गोष्ट निघेल तेव्हा तो कामी येईल. मूळ प्रत्ययात ‘न’ आहे. मग ‘ण’ कुठून आला? संस्कृतात एकाच शब्दात आधी र किंवा ष असेल आणि पुढं न येत असेल, तर त्या न चा ण होतो. अट एवढीच, की मधे स्वर, क-वर्ग, प-वर्ग किंवा ह, य, व यांच्याखेरीज दुसरं काही आडवं येऊ नये. रुक्मिणी या शब्दात र नंतर उ, क, म, इ एवढंच आहे, आडवं काहीच नाही. म्हणून ण. आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘ण’ नाहीच, पाण्याला आपण ‘पानी’ म्हणतो, तेव्हा बोलताना ‘रुखमिनी’ येणारच आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लिहिताना ‘रुक्मिनी’ हे कोणत्याच हिशेबानं बसत नाही. ते धड संस्कृतही नाही आणि धड आपलं घरगुती रूपही नाही.

ऱ्हस्व-दीर्घ सांगून टाकतो. पहिला रु ऱ्हस्व, मि ऱ्हस्व, णी दीर्घ. सर्वांत जास्त चूक होते पहिल्या अक्षरात. इतर अक्षरांना उकार खाली लागतो, र ला मात्र तो पोटात लागतो, आणि रु व रू यांत फरक फक्त शेपटीच्या वळणाचा. जुन्या मोडी कागदांत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नसत, त्यामुळे मोडीवरून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेणाऱ्यानं जे हाताला आलं ते लिहिलं. वाचणाऱ्या माणसाला त्यानं काही अडत नाही. संगणकाला अडतं. यादीत नाव शोधताना ‘रुक्मिणी’ टाकलं आणि नोंद ‘रूक्मिणी’ अशी असेल, तर तो नाव नाही असंच सांगणार. मतदार यादीत नाव सापडलं नाही म्हणून बाई घरी परत जाते, तेव्हा पुष्कळदा नाव तिथंच असतं, शोधताना दीर्घ रू टाकून पाहिलेला नसतो.

कथा तुम्हाला सगळ्यांना येते. मी तिच्यातला नावाशी लागून असलेला भाग तेवढा घेतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात, 52 ते 54 या अध्यायांत, ती आहे. रुक्मीनं बहिणीचं लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवलं. तिला ते मान्य नव्हतं. तिनं ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला, सात श्लोकांचा. त्यात नुसती विनवणी नाही, पूर्ण योजना आहे : आमच्या कुळात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जायची रीत आहे, मी तिथं येईन, त्या वेळी मला घेऊन जा, म्हणजे राजवाड्यात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. दिवस, जागा, कारण, सगळं तिनं सांगितलं आहे. ही देवी कौंडण्यपूरची अंबिका असं तिथले लोक मानतात, अमरावतीची अंबादेवी असं अमरावतीकर मानतात. दोन्ही ठिकाणी ही श्रद्धा जिवंत आहे. पुढं पाठलाग करणाऱ्या रुक्मीला कृष्णानं हरवलं, त्याचे केस-दाढी कापून सोडून दिलं, आणि प्रतिज्ञा मोडलेला रुक्मी कुंडिनपूरला न परतता भोजकट नावाचं नगर वसवून राहिला. भोजकट हे नाव नुसतं पुराणात नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात ‘भोजकट राज्य’ असा उल्लेख आहे, आणि आपली भातकुली म्हणजेच ते भोजकट असं सांगितलं जातं.

स्वतःचं लग्न स्वतः ठरवणारी आणि त्यासाठी पत्र लिहिणारी मुलगी, हे या नावाच्या पाठीमागचं चित्र आहे. मराठीतल्या आद्य कवयित्री मानल्या गेलेल्या महदाइसा यांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाच्या निमित्तानं जे धवळे रचले, त्यांचा विषय रुक्मिणीचं स्वयंवरच आहे. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी. पुढं एकनाथांनीही हा विषय ओवीत आणला, आणि मुलीचं लग्न जुळावं म्हणून त्या ग्रंथाचं पारायण करायची रीत घरोघर आहे. म्हणून आपल्याकडं हे नाव शुभ मानलं गेलं. काही घरी सीता हे नाव ठेवताना बाया थबकतात, वनवास नको म्हणतात. रुक्मिणीबद्दल तशी शंका कुणी घेत नाही.

आता तोंडातली रूपं. ‘क्म’ हे जोडाक्षर मराठी जिभेला जड जातं. मराठी माणसानं त्यावर दोन उपाय केले. पहिला, क चा ख करून जोडाक्षर सोडवलं : रुखमिनी, रुखमिन, रुखमा. दुसरा, पहिल्या अक्षरातला उकार पुढच्या अक्षराला दिला : रुखमा ऐवजी रखुमा. त्याला ‘आई’ जोडली की रखुमाई, ‘बाई’ जोडली की रखुमाबाई, आणि तो उकारही गळाला की रखमा, रखमाबाई. पंढरपुरात विठोबाच्या शेजारी आपण जिला रखुमाई म्हणतो, तिचं तिथं देऊळही स्वतंत्र आहे. द्वारकेतही रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर वेगळं आहे.

विदर्भाची म्हणून एक खास लकब आहे, तिच्याकडं आपलं लक्ष जात नाही कारण ती रोज कानावर पडते. संस्कृतात ईकारान्त असलेलं नाव आपण आकारान्त करतो आणि त्याला बाई लावतो. पार्वतीची पार्वताबाई, सरस्वतीची सरस्वताबाई, देवकीची देवकाबाई, द्रौपदीची द्रौपदाबाई. त्याच चालीवर रुक्मिणीची रुखमाबाई. म्हणजे रुखमा हे नाव बिघडून झालेलं नाही, या पट्ट्यात बायकांची नावं ज्या चालीनं घडतात त्या चालीनं घडलेलं आहे. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, मुलीच्या नावाला विषम अक्षरं असावीत आणि शेवटी आकार असावा असं सांगितलं आहे. रु-ख-मा : अक्षरं तीन, शेवटी आकार. ज्या बाईनं गृह्यसूत्राचं नाव ऐकलं नाही तिनंही नेमकं तेच केलं.

हाक मारताना पुन्हा फरक पडतो. मैत्रीण ‘रुखमे’ म्हणेल, धाकटे ‘रुखमामाय’ किंवा ‘रुखमाकाकू’ म्हणतील, बचत गटाच्या बैठकीत ‘रुक्मिणीताई’ होईल. हे सगळं एकाच बाईच्या बाबतीत एकाच दिवसात होऊ शकतं आणि त्यात कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. ‘रुखमी’ मात्र जरा जपून वापरावं. लहान मुलीला लाडानं ठीक, मोठ्या बाईला त्यात तुटकपणा येतो.

याच नावाचं पुरुषी रूपही गावोगाव आहे : रखमाजी, रुखमाजी. इथं जुना महसुली कागद वाचताना फसगत होते. आपल्या भागात महसूल लिहिण्याची भाषा फारसी वळणाची. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. जुन्या अधिकार अभिलेखात नावापुढची ‘जी’ किंवा ‘बाई’ गाळून नुसतं ‘रखमा’ लिहिलेलं आढळतं. मग ‘रखमा वल्द सखाराम’ हा पुरुष आणि ‘रखमा जौजे सखाराम’ ही बाई. मधला शब्द पुसट झाला, किंवा नक्कल करणाऱ्यानं ‘ज.’ चा ‘व.’ वाचला, की आजीचा आजोबा होतो आणि वारसांची वंशावळ कुठंच जुळत नाही. जुनी नक्कल हातात आली की आधी नाव नव्हे, हा मधला शब्द वाचा. तो लागत नसेल तर जमिनीच्या त्याच गटाचा पुढचा-मागचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, काढा. वारसाच्या फेरफारात ‘मयताची पत्नी’, ‘मयताचा मुलगा’ असं नातं सहसा स्पष्ट असतं.

देशभर हे नाव आहे, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अंगानं. हिंदी मुलखात रुकमणी आणि रुकमन. आपल्या नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या जुन्या कागदांवर हिंदीची सावली आहे, कारण 1956 पर्यंत आपण हिंदी मुलखाबरोबर एकाच प्रांतात होतो. ‘रुकमनबाई’ दिसली की ती वेगळी बाई समजू नका. तमिळमध्ये रुक्मणी. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते. पार अरुणाचलात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे, आणि तिथल्या इदू मिश्मी लोकांत रुक्मिणी आपली लेक होती अशी परंपरा आहे. रुक्मीचे केस कापले म्हणून आम्ही कपाळावर असे केस कापतो, असं ते सांगतात. आपण हे ऐकून वाद घालायचं कारण नाही. एका लेकीला दोन माहेरं मिळाली तर तिचं काय वाईट झालं?

या नावाची नोंद घेण्यासारखी एक बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. जन्म 1864, मुंबई. अकराव्या वर्षी लग्न झालं, त्या नांदायला गेल्या नाहीत, आणि 1884 मध्ये नवऱ्यानं मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 चा पहिला निकाल त्यांच्या बाजूनं, 1887 चा विरुद्ध : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. मी कैद भोगीन, असं त्या म्हणाल्या. 1888 मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतला त्यांनी बायकांच्या दवाखान्यात काम केलं. मनाविरुद्ध लग्न नाकारणारी ही दुसरी रुक्मिणी. आपल्या आजच्या कामाचा मुद्दा असा, की मराठीत त्या ‘रखमाबाई’, आणि खटल्याच्या इंग्रजी कागदांत त्यांचं नाव ‘रुखमाबाई’ वाचावं असं लिहिलेलं आहे. इतकं गाजलेलं नावही दोन लिप्यांत दोन तऱ्हांनी राहिलं, तर आपल्या गावच्या बाईचं काय होत असेल ते ओळखा.

तर आता कागदांकडं येतो, आणि इथं जरा थांबून बोलणार आहे.

नवीन बाळापासून धरू. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. नोंद करताना नाव ठरलेलंच असावं असं नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद करून नाव मागून घालायची सोय आहे; बारा महिन्यांपर्यंत फी लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क लागतं. बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी होतं, म्हणून घाई करून दवाखान्यातच कसंतरी नाव सांगू नका. पण दाखला कोरा ठेवून वर्षं काढू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित कायदा लागू आहे, आणि त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, आधार यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. एक गोष्ट घरोघर विसरली जाते : नोंद बाळाच्या गावात होत नाही, बाळंतपण जिथं झालं तिथल्या निबंधकाकडे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यातही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात. मग नाव घालायला सासरच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही. दवाखान्यातून निघतानाच नोंद कुठल्या कार्यालयात जाणार ते विचारून कागदावर लिहून घ्या.

अर्जावर नाव तुम्ही स्वतः लिहा, सुट्या ठळक अक्षरांत, दोन्ही लिप्यांत. सांगून लिहायला लावलं की ऐकणारा आपल्या कानानं लिहितो. रुक्मिणी रोमन लिपीत सात अक्षरांचं ठेवावं : आर, यू, के, एम, आय, एन, आय. के नंतर एच घालू नका, शेवटी दोन ई लावू नका. रुखमा ठेवायचं असेल तर आर, यू, के, एच, एम, ए. इथं एच हवाच, नाहीतर ते ‘रुकमा’ वाचलं जाईल. रखमा असेल तर पहिल्या अक्षरानंतर यू ऐवजी ए येतो, आणि इथंच गोंधळ आहे : यंत्र रोमनवरून देवनागरी आपोआप तयार करतं, तेव्हा ‘रखमा’ची ‘राखमा’ होऊ शकते आणि ‘रुक्मिणी’ची ‘रुक्मिनी’ तर हमखास, कारण रोमन लिपीत न आणि ण ला एकच अक्षर आहे. आधार केंद्रावर पडद्यावर दोन ओळी दिसतात. बहुतेक जण इंग्रजी ओळ तपासतात आणि मराठी ओळ सोडून देतात. उलट करा. आधी मराठी ओळ वाचा, रु ऱ्हस्व आहे का, मि ऱ्हस्व आहे का, ण आहे का, मग इंग्रजी. चूक तिथल्या तिथं दुरुस्त होते. नंतर आधारवर नाव बदलायला आयुष्यात दोनदाच संधी आहे. त्यातली एक स्पेलिंगमध्ये गेली, की लग्नानंतर बदल करायचा झाला तर शेवटचीच उरते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात नवा नियम आहे. शासकीय कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आता आईचं नाव लेकराच्या कागदावर जाऊन बसतं. हे फार चांगलं झालं. पण आईचं नाव आधारवर रुखमा, टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, रुक्मिणी आणि बँकेत रुख्मिणी असं असेल, तर तिची अडचण आता लेकराच्या गळ्यात पडते. बाळाचा अर्ज भरायच्या आधी आईचे कागद समोर मांडा आणि तिचं आधारवरचं नाव जसंच्या तसं उतरवा. बाळंतीण दवाखान्यात असताना नवरा किंवा सासरा अर्ज भरतो आणि घरात हाक मारायचं नाव लिहून देतो. बिघाडाची सुरुवात तिथून होते.

टीसीवरचं नाव वेगळं का असतं? शाळेत पोरीला घेऊन बाप आला, म्हणाला ‘रुखमा’. गुरुजींनी मुलीचं भलं होईल म्हणून जनरल रजिस्टरला शुद्ध करून ‘रुक्मिणी’ लिहिलं. हेतू चांगलाच होता. पण घरच्या कुणाला ते कळलं नाही, आणि रेशन कार्ड, मतदार यादी, सातबारा सगळीकडं रुखमाच राहिली. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव सहसा बदलून मिळत नाही. म्हणून शिक्षक मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे : जन्मदाखल्यावर जे आहे तेच लिहा. रुखमा हे नाव अशुद्ध नाही, तुम्ही ते सुधारायला जाऊ नका. फारच वाटलं तर पालकांना बोलावून, दाखला दुरुस्त करून, मग नोंद करा.

आता मोठ्या बायांचं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये असोत, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचं अनुदान असो, पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. त्यामुळे सगळ्यांत आधी आधार आणि बँक पासबुक एकमेकांशी जुळवायचं, बाकी कागद मागून. कोणतं रूप धरायचं? शुद्ध कोणतं हा प्रश्नच इथं आणू नका. ज्या नावाचे जास्त आणि वजनदार कागद हातात आहेत, ते नाव धरा. आजीकडं आधार, बँक, मतदार ओळखपत्र तिन्ही ‘रुखमाबाई’ असतील आणि फक्त सातबाऱ्यावर ‘रुक्मिणी’ असेल, तर सातबारा दुरुस्त करायचा, आजीला नाही. नावातच ‘बाई’ आहे की नाही तेही बघा. एका कागदावर ‘रुखमा’ आणि दुसऱ्यावर ‘रुखमाबाई’ हा आपल्याला एकच माणूस वाटतो, संगणकाला दोन वाटतात.

सातबाऱ्यावरची लिखाणातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्त होते. अर्ज तहसीलदारांकडं. सोबत चूक दिसणारा चालू सातबारा, ज्या फेरफारानं नाव लागलं त्या फेरफाराची नक्कल, आधारची प्रत, आणि रुक्मिणी व रुखमाबाई ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. यातली फेरफाराची नक्कल सगळ्यांत महत्त्वाची, कारण अर्ज अडकतो तो तिथंच. मूळ फेरफारात नाव बरोबर असेल आणि सातबारा संगणकावर चढवताना चुकलं असेल, तर काम सरळ आहे. मूळ फेरफारातच वेगळं नाव असेल, तर ती नुसती लेखनचूक आहे हे दाखवायला जास्त पुरावा लागतो. आधी नक्कल काढा, मग अर्ज लिहा. लोक उलट करतात आणि त्रुटीचं पत्र येईपर्यंत थांबून राहतात. प्रतिज्ञापत्रात सगळी रूपं एका वाक्यात ओळीनं लिहा, ‘रुक्मिणी उर्फ रुखमा उर्फ रुखमाबाई’, आणि प्रत्येक रूप कोणत्या कागदावर आहे तेही लिहा. एक रूप राहून गेलं तर पुन्हा नवं प्रतिज्ञापत्र.

आजी हयात असतानाच हे करून घ्या, ही विनंती. ती गेल्यावर वारस नोंद करताना मृत्यू दाखल्यावर घरच्यांनी सांगितलेलं नाव येतं, सातबाऱ्यावर दुसरं असतं, आणि एकच व्यक्ती आहे हे सांगायला ती स्वतः नसते. त्यात घरातल्या एखाद्याची हरकत आली, की साधा नावाचा फरक दिवाणी वादापर्यंत जातो.

लग्नानंतर नाव बदलायच्या चालीबद्दल थोडं बोलतो. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत आपल्याकडं आहे. नवऱ्याचं नाव विठ्ठल किंवा पांडुरंग असलं की सुनेचं नाव हमखास रुक्मिणी ठेवायचे. रीत हौसेनं करा, घरात त्या नावानं हाकही मारा. पण ते कागदावर नेऊ नका. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं. पहिलं नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि त्यानंतर बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, पासबुक या प्रत्येकापुढं ती राजपत्राची प्रत लावत फिरावं लागतं. आडनाव तेवढं बदलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणी दाखला पुरतो. बाईला ते करायचं आहे का, हे आधी तिला विचारा.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी शेवटचं. राशीप्रमाणे नाव ठेवणाऱ्यांना ‘रु’ हे अक्षर स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं मिळतं, रास तूळ. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता अशी. अक्षर पाहताना ऱ्हस्व-दीर्घ धरत नाहीत, तेव्हा रुक्मिणी चालतं. ज्यांचं नक्षत्र जुळत नाही त्यांनी जन्मनाव वेगळं ठेवून पाळण्यातलं नाव रुक्मिणी ठेवावं, ही सोय जुनीच आहे. रुक्मिणी लांब वाटत असेल तर नुसतं ‘रुक्मा’ सुंदर आहे, ‘रखुमाई’ही काही घरी आता आवडीनं ठेवतात. याच घरातली आणखी नावं हवी असतील तर ‘वैदर्भी’ आहे, म्हणजे विदर्भाची लेक. अगस्तीची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती आणि रुक्मिणी या चौघी वैदर्भीच. ‘भैष्मी’ म्हणजे भीष्मकाची मुलगी. ‘चारुमती’ हे भागवतात रुक्मिणीच्या लेकीचं नाव आहे, लिहायला सोपं, कुठं जोडाक्षर नाही, फक्त चा नंतरचा रु ऱ्हस्व ठेवा.

अंगणवाडी सेविकांनी एक करावं. गरोदर बाईची नोंद घेताना तिचं नाव तिच्या तोंडून न लिहिता आधार पाहून लिहा, आणि त्याच दिवशी तिचं पासबुकही बघा. दोन्हीत फरक दिसला तर बाळंतपणाला अजून महिने आहेत, तेवढ्यात दुरुस्ती होऊन जाते. सातव्या महिन्यानंतर ती माहेरी जाईल आणि मग तिला आधार केंद्रापर्यंत नेणं अवघड होईल, म्हणून पहिल्या भेटीतच हे पाहायचं. आज ज्यांनी कागद सोबत आणले आहेत त्यांनी थांबावं, आपण एकेक करून नावं लावून पाहू.